वधूमायचं टिपण: सेलिब्रंटकडून लग्न लावताना

गेल्या मार्चमध्ये माझ्या लेकीचं लग्न सव्वीस मिनिटांत लागलं. त्यातली कायद्याला हवी होती ती जेमतेम तीन. उरलेली तेवीस आम्ही आमच्या मनाने भरली. त्या तीन मिनिटांसाठी कागद किती लागतात आणि तेवीस मिनिटांवरून घरात वाद किती होतात, हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच झोप वाचली असती. मी चोवीस वर्षं मेलबर्नला, वेरिबीत राहते. त्यातली अठरा पेरोलच्या, पगारपत्रकांच्या कामात गेली, म्हणजे दुसऱ्यांचे फॉर्म तपासणं हाच माझा धंदा. तरी दोन ठिकाणी चुकलेच. तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात कार्य ठरत असेल तर हे वाचून ठेवा.

जावई इथलाच, आयरिश वंशाच्या घरातला. त्यांच्याकडे चर्चला जाणं आजोबांबरोबरच संपलं. लेक ठाण्यात जन्मली, चार वर्षांची असताना इथे आली. दोघांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की चर्च नको, पूर्ण वैदिक विधीही नको, लग्न सेलिब्रंटकडून लावायचं. ह्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "सेलिब्रंट म्हणजे रजिस्ट्रारच ना?"

नाही. सेलिब्रंट म्हणजे लग्न लावायचा अधिकार सरकारने दिलेली व्यक्ती. तिने त्याचा अभ्यासक्रम केलेला असतो, तिचं नाव अ‍ॅटर्नी-जनरल खात्याच्या, म्हणजे इथल्या कायदा खात्याच्या, यादीत असतं, आणि ती तुमच्या बागेत, हॉलमध्ये, समुद्रावर, घरच्या अंगणात, कुठेही येऊन लग्न लावू शकते. इथल्या कायद्यात लग्नाला दिवस, वेळ आणि जागा यांचं बंधन नाही. पहाटे तीन वाजता होडीतही चालतं, सेलिब्रंट यायला तयार हवी एवढंच. १९७३ पर्यंत चर्च नको असलेल्यांना नोंदणी कचेरीत जाऊनच लग्न करावं लागे. त्या वर्षी अ‍ॅटर्नी-जनरल लायोनेल मर्फी यांनी साध्या नागरिकांना हा अधिकार द्यायला सुरुवात केली, आणि लोइस डार्सी ही क्वीन्सलँडमधली बाई पहिली सेलिब्रंट झाली. आज इथली पाचातली चार लग्नं असेच लोक लावतात.

माझ्या सासूबाईंना हे सगळं फारच परकं वाटेल असं मी धरून चालले होते. पण त्या निवृत्त शिक्षिका, इतिहासाच्या. म्हणाल्या, "भटजीशिवाय लग्न आपल्याकडे जोतिबांनी १८७३ साली लावून दाखवलं. यांना शंभर वर्षं उशीर झाला." विषय तिथेच मिटला. तुमच्या घरातलं ज्येष्ठ माणूस अडून बसलं असेल तर हे वाक्य वापरून बघा, आमच्याकडे तरी लागू पडलं.

आधी ठरवा: खरं लग्न कोणतं?

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका, कारण आपल्या लोकांची चूक नेमकी इथे होते.

बऱ्याच घरांचा बेत असा असतो की डिसेंबरच्या सुट्टीत भारतात थाटात वैदिक लग्न करायचं, परत आल्यावर इथे सेलिब्रंटकडून 'कायदेशीर' लग्न करायचं. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलाचं असंच ठरलं होतं. कोल्हापुरात लग्न झालं, सप्तपदी झाली, चारशे पानं उठली. फेब्रुवारीत जोडपं इथल्या सेलिब्रंटसमोर बसलं. तिने शांतपणे विचारलं, "भारतात नुसता समारंभ झाला की लग्न झालं?" ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

उत्तर साधं आहे. दोघंही हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. नोंदणी हा त्याचा पुरावा असतो. नोंदणी केली नाही म्हणून लग्न झालंच नाही असं होत नाही. आणि परदेशात कायदेशीर रीतीने झालेलं लग्न ऑस्ट्रेलिया मान्य करतो. म्हणजे ती दोघं विवाहित होती, आणि एकदा विवाहित असलेल्यांना इथे त्याच जोडीदाराशी पुन्हा कायदेशीर लग्न करता येत नाही. परदेशातल्या लग्नाची इथे नव्याने नोंदही होत नाही. शेवटी मुलगा परत कोल्हापूरला जाऊन तिथलं विवाह प्रमाणपत्र घेऊन आला. खर्च विमानाचा, आणि आईचा राग वेगळा.

तेव्हा कायदेशीर लग्न कुठलं, हे सुपारी फुटायच्या आधी ठरवा. इथलं ठरलं तर ते आधी लावा, आणि भारतातला सोहळा त्यानंतर, आधीच विवाहित जोडप्याचा विधी म्हणून करा. तिथलं ठरलं तर तिथे नोंदणी करून प्रमाणपत्र घेऊनच विमानात बसा. मग इथे आल्यावर मित्रमंडळींसाठी सेलिब्रंटला बोलावून छान समारंभ करता येतो. फक्त त्यात कायद्याचे शब्द नसतील आणि प्रमाणपत्र मिळणार नाही, हे सगळ्यांना स्वच्छ माहीत हवं.

इथेच गुरुजींनाही बोलवायचं असेल तर तेही आधी बोलून घ्या. काही गुरुजींना इथे लग्न लावायचा सरकारी अधिकार असतो, त्यांच्याकडून लावलंत तर सेलिब्रंटची गरजच नाही. ज्यांना तो नाही त्यांनी आपण कायदेशीर लग्न लावतो आहोत असं भासवणं हा गुन्हा आहे. दोघं एकाच दिवशी असतील तर सेलिब्रंटचा भाग आधी उरकावा असं मी सुचवेन. आमच्याकडे गुरुजी नव्हतेच. ग्रहमख आदल्या आठवड्यात घरी झालं, तेवढ्यावर माझं मन निवलं.

नोइम

हा शब्द तुम्हाला पहिल्या फोनवरच ऐकू येईल. नोटीस ऑफ इंटेंडेड मॅरेज, म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोटीस. सेलिब्रंट त्याला नोइमच म्हणतात. ही नोटीस लग्नाच्या किमान एक महिना आधी सेलिब्रंटच्या हातात पडायला हवी. ५ फेब्रुवारीला दिली तर लवकरात लवकर ५ मार्चला लग्न. ४ मार्चला नाही, कितीही मोठा मुहूर्त असला तरी. दुसऱ्या बाजूला ती अठरा महिने चालते. महिन्याच्या आत लग्न लावायचंच असेल तर मुदत कमी करून मागता येते, पण त्यासाठी आजारपण, नोकरी किंवा प्रवासाची अडचण अशी मोजकीच कारणं चालतात आणि मंजुरीची खात्री नसते. तारीख ठरली की त्याच आठवड्यात नोइम देऊन मोकळे व्हा. आम्ही दहा महिने आधी दिली.

आपल्याकडे स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते, कुणीही येऊन ती वाचतो आणि हरकत घेऊ शकतो. इथली नोटीस सेलिब्रंटकडेच राहते, कुठल्याही फळ्यावर लागत नाही. हे मला आवडलं.

सही अधिकृत साक्षीदारासमोर करायची, बहुतेक वेळा ती सेलिब्रंटच असते. आता व्हिडिओ कॉलवरही चालतं. जोडप्यातला एक जण परदेशात असेल आणि महिन्याची मुदत टळायला आली असेल तर एकाच्या सहीवर नोटीस देता येते, दुसऱ्याने लग्नाआधी सही करायची.

कागद काय लागतात? जन्मतारीख आणि जन्मस्थळ दाखवणारा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, आणि फोटो असलेलं ओळखपत्र. आपल्या लोकांनी सरळ पासपोर्ट द्यावा. ग्रामपंचायतीचा मराठी जन्मदाखला दिलात तर त्याचं मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर लागेल. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा अंतिम आदेश किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला, आणि तो मराठीत असेल तर त्याचंही भाषांतर. इथे घटस्फोट मंजूर झाला म्हणजे लगेच मोकळं झालो असं नसतं. आदेश एक महिना आणि एक दिवसाने लागू होतो, त्याआधी लग्न लावता येत नाही. हॉल बुक करताना हा दिवस मोजा.

आता माझी पहिली चूक. फॉर्ममध्ये दोघांच्या आईवडिलांची नावं लागतात, आत्ताची आणि जन्माच्या वेळची. लेक लॅपटॉपवर भरत होती, मी शेजारी बसून सांगत होते. जन्माच्या वेळचं नाव म्हणून मी माझं आत्ताचं नाव आणि माहेरचं आडनाव सांगितलं. दोन दिवसांनी भाजी चिरताना लक्षात आलं की माझं जन्माचं पहिलं नावच वेगळं आहे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हापासून जुनं मी बत्तीस वर्षांत कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं. हे नाव लेकीच्या विवाह प्रमाणपत्रावर छापून येतं, म्हणून चूक तशीच सोडता येईना. फोन केला. सेलिब्रंटने लग्नाआधीच दुरुस्ती करून घेतली, फार काही झालं नाही. पण लेक म्हणाली, "आई, तुझं हे नाव मला माहीतच नव्हतं." तुमच्या घरात मावशी, काकू, आज्या असतील तर फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या.

आणखी एक. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, कधी ते पहिल्या नावाच्या रकान्यात चिकटलेलं असतं, कधी आडनावाचा रकाना रिकामाच असतो. फॉर्मवर नाव पासपोर्टात आहे अगदी तसंच उतरवा. घरात काय म्हणतात ते इथे नको.

सेलिब्रंट निवडताना

यादीत हजारो नावं आहेत. आम्ही तिघांशी बोललो. त्यांनी सांगितलेले आकडे साडेसातशे ते तेराशे डॉलर होते, आणि फरक कशाचा हे विचारल्याशिवाय कळत नव्हतं. विचारायचं ते असं: भेटी किती? संहिता आमच्यासाठी नव्याने लिहिणार की तयार साचा? ती आधी वाचायला मिळेल का? माइक आणि स्पीकर तुमचा की आमचा? सराव धरला आहे का? त्या दिवशी दुसरं लग्न आहे का, असेल तर किती वाजता? आणि ऐन दिवशी तुम्ही आजारी पडलात तर? या शेवटच्या प्रश्नावर एक जण नुसता हसला. त्याला आम्ही तिथेच सोडलं. खरं तर नोटीस दुसऱ्या सेलिब्रंटकडे सोपवता येते, त्यामुळे ज्याचं काम चोख आहे त्याच्याकडे पर्यायी नाव तयार असतं.

दुसरीने अंतरपाटाचा फोटो बघून विचारलं, "हे फार वेळ खाईल का?" वाईट काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर घड्याळ दिसत होतं.

तिसरी निवृत्त नर्स. तिने लेकीला सांगितलं, "तुझं पूर्ण नाव मला आवाज रेकॉर्ड करून पाठव." लेकीच्या नावात ज्ञ आहे आणि आमच्या आडनावात ळ. इथे चोवीस वर्षांत ळ नीट म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. या बाईने आठवडाभर गाडीत ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि पुढच्या भेटीला ळ म्हणून दाखवला. थोडा जड होता, पण ळ होता. काम तिला मिळालं. लग्नाच्या शब्दांत एकदा तरी पूर्ण नाव घ्यावं लागतं, त्यामुळे ही चैन समजू नका. शंभर माणसांसमोर आपल्याच लग्नात आपलं नाव चुकीचं ऐकायला कुणालाच आवडत नाही.

त्या भेटीत चहा ओतत असताना तिने मला बाहेर जायला सांगितलं, अगदी गोड शब्दांत. मग जावयालाही. २०२४ पासून सेलिब्रंटने लग्नाआधी दोघांना वेगवेगळं, समोरासमोर भेटून संमती खरी आहे ना याची खात्री करणं सक्तीचं आहे. मी व्हरांड्यात उभी राहिले. आधी राग आला, माझ्याच घरात मी बाहेर. मग माझ्या स्वतःच्या लग्नाची बैठक आठवली. मानपान, आहेर, गाड्या किती, सगळं विचारून झालं होतं. मला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. राग तिथेच विरघळला. तुम्हाला बाहेर काढलं तर निमूट जा.

सावधान

आता ती तीन मिनिटं. कायद्याला नेमकं काय हवं ते कळलं की बाकीचं मोकळेपणाने रचता येतं.

पहिलं, सेलिब्रंटने स्वतः सांगायचं की मला लग्न लावायचा अधिकार आहे. मग जोडप्याला आठवण द्यायची की ज्या नात्यात तुम्ही शिरता आहात ते गंभीर आणि बांधून ठेवणारं आहे, आणि इथल्या कायद्यात विवाह म्हणजे दोन व्यक्तींचं, इतर सर्वांना वगळून, स्वेच्छेने आणि जन्मभरासाठी झालेलं मीलन. २०१७ च्या डिसेंबरपासून या व्याख्येत दोन व्यक्ती असे शब्द आहेत, त्याआधी पुरुष आणि स्त्री असे होते. हे शब्द सेलिब्रंटला बदलता येत नाहीत. दुसरं, जोडप्यातल्या प्रत्येकाने जमलेल्यांना साक्षी ठेवून मी अमुक तमुकचा पती, पत्नी किंवा जोडीदार म्हणून स्वीकार करतो असं म्हणायचं. यात थोडेफार शब्द बदलतात, ते सेलिब्रंटला ठाऊक असतं. तिसरं, अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार हजर हवेत आणि त्यांना हे ऐकू यायला हवं. बस्स. अंगठ्या, हार, 'आता तुम्ही पतिपत्नी' ही घोषणा, चुंबन, यातलं काहीही कायद्याला लागत नाही.

त्या पहिल्या भागाला सेलिब्रंट लोक मॉनिटम म्हणतात. आमच्या बाईने सांगितलं की हा लॅटिन शब्द, अर्थ इशारा. मी म्हटलं, म्हणजे सावधान! तिला मंगलाष्टकाचा शेवट समजावून सांगितला. वधूवरांमध्ये पडदा, सगळे उभे, आणि प्रत्येक कडव्यानंतर 'शुभ मंगल सावधान'. ती पेन खाली ठेवून ऐकत राहिली. दोघींनी मिळून क्रम तिथेच ठरवला: अंतरपाट, मंगलाष्टकं, शेवटचं सावधान, अंतरपाट दूर, हार, आणि लगेच तिचं मॉनिटम. आमचा इशारा संपतो तिथे कायद्याचा इशारा सुरू. सगळ्या समारंभात मला खरोखर जुळलेला वाटला तो हाच सांधा, आणि तो उसना नव्हता. तुम्हीही असंच करा: तुमच्या घरचं जे काही असेल ते कायद्याच्या शब्दांच्या शेजारी बसवा, वेगळा सांस्कृतिक कार्यक्रम करून शेवटी टाकू नका.

मंगलाष्टकं तीनच ठेवा. एक कडवं मिनिटभर खातं. आमच्या दिरांनी आठ आणली होती, सगळी स्वतः रचलेली, शार्दूलविक्रीडितात, आणि दुसऱ्याच कडव्यात जावयाच्या कंपनीचं नाव बसवलेलं. याद्या करताना वाद झाला नाही तेवढा या आठांवरून झाला. शेवटी एक त्यांचं, एक माझ्या बहिणीचं, एक जुनं. उरलेली त्यांनी रात्री जेवताना म्हटली आणि खूप टाळ्या घेतल्या. आयरिश मंडळींसाठी प्रत्येक कडव्याचा दोन ओळींचा अर्थ छापून खुर्च्यांवर ठेवला होता. हे जरूर करा. समोरचे लोक उभे असतात आणि काय चाललंय ते त्यांना कळत नसतं.

मराठीत शपथ घ्यायची तर? लग्नाचे कायदेशीर शब्द दोघांनी इंग्रजीत म्हणावेत आणि मग मनाचं मराठीत बोलावं, हे सगळ्यात सोपं. वधू किंवा वराला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा लागतो, त्याचे वेगळे कागद असतात, ते सेलिब्रंटला आधीच सांगा. आमच्या लेकीने मराठीत चार वाक्यं म्हटली. जावयाने एक म्हटलं, तेही पाठ करून: "मी तुझं ऐकेन." उच्चार चुकल्याने ते 'मी तुझं आईकेन' झालं, आणि माझ्याकडच्या अर्ध्या मांडवाला वाटलं की तो मला उद्देशून बोलतोय.

जागा, वारा, अक्षता

सार्वजनिक बाग किंवा किनारा असेल तर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना घ्यावा लागतो. सेलिब्रंट तो काढत नाही, तुम्हीच काढायचा. परवान्यातली वेळ नीट वाचा. ही माझी दुसरी चूक. तीन ते पाच असा परवाना घेतला आणि पत्रिकेत तीन छापलं. नंतर वाचलं की खुर्च्या मांडणं आणि आवरणं त्या दोन तासांतच. पत्रिका परत छापल्या, चार वाजताच्या.

अक्षतांना मनाई. आमच्या परवान्यात स्वच्छ लिहिलं होतं: तांदूळ नाही, कागदी कॉन्फेटी नाही. हळदकुंकू लावलेल्या दोन किलो अक्षता मी आधीच करून ठेवल्या होत्या. तोडगा सासूबाईंनी काढला. झेंडू आणि गुलाबाच्या ताज्या पाकळ्या द्रोणांत वाटल्या, आणि अक्षतांची पुडी घरी ठेवली, गृहप्रवेशाला वापरली. पाकळ्या चालतील का तेही लेखी विचारा, सगळीकडे चालतातच असं नाही. होम करायचा तर बागेचा विचारही करू नका. उन्हाळ्यात आगबंदीचा दिवस जाहीर झाला की उघड्यावर काडीसुद्धा ओढता येत नाही.

मेलबर्नची हवा तुम्हाला माहीत आहे. पावसासाठी पर्यायी जागा सेलिब्रंटला लेखी कळवा आणि निर्णय किती वाजता, कोण घेणार तेही. आमच्या घरी ते काम मी घेतलं, कारण दोन माणसांनी आभाळाकडे बघितलं की दोन मतं होतात. पाऊस आला नाही. वारा आला. अंतरपाट शिडासारखा फुगला आणि धरणारे दोन भाचे मागे ओढले जाऊ लागले. खालच्या काठाला पदराच्या पिना लावून दोन चमचे बांधले, त्यावर निभावलं. माइकला स्पंजची टोपी असेल ना, हेही विचारा. नाहीतर वाऱ्यात नुसती घरघर ऐकू येते, आणि साक्षीदारांनी शब्द ऐकायचे असतात.

मुहूर्त पाहायचा असेल तर मुंबईच्या सूर्योदयावर छापलेलं पंचांग इथे चालत नाही, मेलबर्नचं गणित करून घ्या. आणि ठाणे-डोंबिवलीच्या मंडळींना लाइव्ह दाखवणार असाल तर घड्याळ सांभाळा. मार्चमध्ये इथले चार म्हणजे तिथले सकाळचे साडेदहा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथलं घड्याळ मागे जातं, मग फरक साडेचार तासांचाच उरतो. पाहुण्यांनी फोनवर पाहणं ठीक. वधूवर, सेलिब्रंट आणि साक्षीदार मात्र एकाच जागी, प्रत्यक्ष हवेत.

सह्या

लग्नाआधी दोघांनी एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची असते, की आमच्या लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. ती सेलिब्रंट सरावाच्या वेळी किंवा त्याच सकाळी घेते. मेंदी ओली असेल तर लक्षात ठेवा. लेकीच्या सहीवर अंगठ्याचा हिरवट डाग उमटलाच.

समारंभात तीन प्रमाणपत्रांवर पाच जणांच्या सह्या होतात: वधू, वर, दोन साक्षीदार, सेलिब्रंट. लेकीने सही जुन्या नावाचीच करायची, नाव बदलायचं असलं तरी. साक्षीदार इथला नागरिक असावा लागत नाही. आमच्याकडून सासूबाई होत्या, पर्यटक व्हिसावर आलेल्या. इंग्रजी त्यांचं माझ्यापेक्षा चांगलं, पण सही त्या देवनागरीतच करतात. सेलिब्रंट म्हणाली, "तुमची नेहमीची सही तीच ना? मग तीच." वरपक्षाकडून जावयाची बहीण. टेबलाला जड कापड, कागद दाबायला वजन, आणि सावली, एवढं बघा. फोटोग्राफर इथे बराच वेळ घेतो, तेव्हा कुणाला तरी गाणं म्हणायला बसवा.

तिसरं प्रमाणपत्र, म्हणजे सुंदर छापील प्रत, जोडप्याच्या हातात देतात. ती फ्रेम करा. पासपोर्टला, बँकेला, नाव बदलायला ती चालत नाही. सेलिब्रंट चौदा दिवसांच्या आत कागद राज्याच्या जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीकडे पाठवते, मग तिथून फी भरून खरं प्रमाणपत्र मागवायचं. ते आपोआप येत नाही. दोन मागवा. भारतात कुठे दाखवायचं असेल तर त्यातल्या एकावर इथल्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची ग्वाही देणारा, शिक्का घेऊन ठेवा.

या प्रमाणपत्रावर आडनाव बदलता येतं. आपल्यासारखं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं काढून नवऱ्याचं, ते मात्र त्यावर होत नाही, त्यासाठी नाव बदलण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. लेकीने दोन्ही नको म्हटलं. प्रमाणपत्र आलं तेव्हा मी आधी माझा रकाना पाहिला. जन्माचं नाव बरोबर होतं, एका अक्षराचीही चूक नव्हती.